भोंग्यावर न आलेलं नाव

घाटातला निवेदक मला हुबेहूब काढता येतो. नाक जरा दाबायचं, मान मागं टाकायची आणि शब्द असा ताणायचा की ऐकणाऱ्याचाच दम संपला पाहिजे. "गाऽऽडा जुंपतोय मंडळी! ओ पांढरी टोपी, बाजूला व्हा! बैल पावणा-रावळा बघत न्हाई! घोडी निघाली... आली, आली, आली... भिर्र्र्र... झाऽऽली!" वर्गात मी हे केलं की मागच्या बाकावरची पोरं वह्या हवेत उडवतात आणि सर म्हणतात, "ही पोरगी वाया गेली."

गंमत म्हणजे बैलगाड्याची शर्यत मी आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही. राजुरीच्या पलीकडची आमची वाडी. आमच्याकडं बाया घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, जात नाहीत. तसा काही कायदा नाही. जुंपणीवर बाईची सावली पडली की बैल बुजतो, असं कुणा म्हाताऱ्यानं कधीतरी सांगितलं, आणि म्हातारा मेला तरी बैल अजून बुजतात. म्हणून यात्रेच्या दिवशी सगळ्या बाया आमच्या घराच्या स्लॅबवर बसून टेकडीपलीकडचा भोंगा ऐकतात. मला जे येतं ते सगळं कानानं आलंय.

निवेदक म्हणजे वारूळवाडीचा गोरखभाऊ. नावं घ्यायला एकदम दिलदार माणूस. गाडामालकाचं नाव घेतो, त्याच्या बापाचं घेतो, वारलेल्या आज्याचं घेतो. बैलाचं घेतो, घोडीचं घेतो, घोडीवर बसलेल्या पोराचं घेतो. निशाण पाडणाऱ्याचं, मंडपवाल्याचं, गुळाच्या शेवेच्या दुकानदाराचं. एकदा एकाची चप्पल हरवली, तर त्याचं नाव त्यानं तीन वेळा घेतलं, गावासकट. एवढ्या वर्षांत एकाच बाईचं नाव घ्यायचं त्याच्याकडून राहून गेलं. तिच्याबद्दल हे लिहितेय.

लंकाबाई गेणभाऊ हांडे. आमची शेजारीण. मी तिला लंकाकाकी म्हणते. गेणभाऊकाका विहिरीवरची मोटार चालू करताना करंट लागून गेले. माझा जन्म व्हायच्या आधी. मूलबाळ नाही. धाकटा दीर संपत, म्हणजे आमचे संपतनाना, आणि जाऊ प्रयागबाई. त्यांच्या घरात काकीला गोठ्याकडची खोली मिळाली आणि खोलीबरोबर गोठाही मिळाला. म्हणजे गोठ्यातलं शेण.

त्र्याण्णव साली त्यांच्या गाईला खोंड झाला, मागचा पाय आत वळलेला. संपतनानांनी लांबूनच पाहिलं. नाना कायम असे बोलतात, जणू पलीकडच्या वावरातल्या माणसाला हाक मारतायत: "सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात न्या त्याला! पांगळं जित्राब दावणीला नगं!"

काकी म्हणाली, "माझ्या वाटणीचा समजा भावजी. मला दुसरं काय वाटून आलंय?"

तिनं त्या पायाला तेल लावलं, कळकाच्या कांबी बांधल्या, दोन वेळा चोळला. गहू भरडून घातला, उडदाचं पीठ घातलं, स्वतःच्या चहातलं दूध घातलं. तो चालायला लागला, मग उड्या मारायला लागला. पांढरा शुभ्र, पाठीवर तेवढा करडा पट्टा. तिनं नाव ठेवलं पाखऱ्या.

घाटात बैलांच्या पुढं घोडी पळते आणि घोडीमागं बैल. हे बैलाला लहानपणापासून शिकवावं लागतं. काकीकडं घोडी कुठून येणार? मग ती स्वतःच पळाली. पहाटे कुणी उठायच्या आत ओढ्याच्या वाळूत कासोटा आवळायची, पदराचा शेव मागं सोडायची आणि धावायची. पुढं बाई, मागं खोंड. आई तेव्हा मला कडेवर घेऊन फिरायची. परड्यात उभी असताना तिनं हे पाहिलं आणि तिला वाटलं, जनावर बाईला तुडवणार. आईनं जी बोंब ठोकली! काकी थांबली, गुडघ्यावर हात टेकून दम खात म्हणाली, "वरडू नगं गं बये. बुजंल ना त्यो."

आईनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकीच्या अंगात आलंय म्हणून देवऋषी बोलावला असता.

पाखऱ्या पळतोय हे नानांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी त्याला पहिल्यांदा घाटात नेला, आंबेगावातल्या एका यात्रेला. निशाण पडलं, घोडी निघाली, बाकीचे तीन बैल निघाले. पाखऱ्या उभाच. तो म्हणे घोडीकडं बघून कान हलवत राहिला. चौघांतला एक अडला की गाडा जागीच फिरतो. तसा फिरला, आणि गोरखभाऊ भोंग्यावर म्हणाला, "संपतराव, बैल आणलाय का जावई? अक्षता टाका, मग निघंल!" सगळा घाट हसला. नाना संध्याकाळी घरी आले आणि टेम्पोतून उतरायच्या आधीच ओरडले, "वैनी! उद्या बेल्हं!"

काकी वळली. आत गेली, आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडून आणला. "घोडीच्या खोगिराला मागून बांधा. मग बघा."

पुढच्या यात्रेत पाखऱ्या त्या फडक्यामागं असा सुटला की गोरखभाऊचा "आली, आली" म्हणायचा वेळच गेला, एकदम "झाली" म्हणावं लागलं.

ते हिरवं फडकं काय आहे, असं लोकांनी नानांना विचारलं. नाना म्हणाले, "देवीचं हाय. नवस व्हता." दोन वर्षांत निम्म्या तालुक्यातल्या घोड्यांच्या पाठीवर हिरवी फडकी आली. काही जण देवीला जाऊन ओटी भरून फडकं आणायचे. काकीचं जुनं लुगडं, आणि नमस्कार देवीला!

मग पाखऱ्या घाटाचा राजा झाला. जुन्नर, आंबेगाव, खेड, जिथं यात्रा तिथं पाखऱ्या. नानांच्या ओसरीवर मोटारसायकल आली, टीव्ही आला, कूलर आला, ढालींचं कपाट आलं. जीपच्या काचेवर 'पाखऱ्या प्रसन्न' आलं. नाना पंचायतीत निवडून आले. कुणी विचारलं की मिशीवरून हात फिरवायचे: "त्याचं काय हाय पावणं, जनावराला माया लावावी लागती. म्या लेकरावानी वाढावलाय." अगदी हाच सूर. मी काढला की आई मला आत ढकलते आणि आत गेल्यावर स्वतःच हसते.

काकीला याचं फार काही वाटत नव्हतं, किंवा वाटतंय हे तिला माहीत नव्हतं. मग दोन हजार एक साली घोडेगावला एका लग्नात बायांच्या पंगतीत पाखऱ्याचा विषय निघाला. काकी सहज म्हणाली, "त्यो माझा हाय. म्या वाढावलाय." शेजारच्या बाईनं हातातली पुरी खाली ठेवली. "अगं बया! मग भोंग्यावर तर संपतरावांचंच नाव असतंय की!" आणि सगळी पंगत हसली. वाईट हेतूनं नाही. एखादी म्हणाली असती, भीमाशंकरचं जंगल माझं आहे, तर हसल्या असत्या तशाच.

तेव्हापासून काकीला एकच पाहिजे होतं. भोंग्यावर आपलं नाव. एकदा.

त्या वर्षी चैत्रात, वाडीच्या यात्रेदिवशी सकाळी ती गोठ्याच्या दारात आडवी पाय पसरून बसली. मी दहा वर्षांची होते. भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. अजून तोंडपाठ आहे.

"वैनी, उठा. टेम्पो आलाय."

"माझं नाव पुकारायचं आधी."

"कुठं?"

"भोंग्यावर. 'पाखऱ्या लंकाबाईनं वाढावला', बास एवढंच. गाडा तुमचा ऱ्हाऊ द्या, बक्षीस तुमचं ऱ्हाऊ द्या. मला त्यातलं काय नगं."

"आवो, बाईचं नाव घाटात? लोकं माझ्या तोंडात श्याण घालतील!"

"श्याण मीच काढते रोज, भावजी. लोकांना कमी पडायचं न्हाई."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. नाना एकदा चिडले, एकदा हसले, मग आवाज खाली आणून, जो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, म्हणाले, "बरं. खंडोबाची आन. पुकारायला लावतो. सोडा आता."

काकीनं स्वतः पाखऱ्याचं दावं सोडलं, त्याच्या कपाळाला कपाळ लावलं आणि बाजूला झाली.

दुपारी स्लॅबवर एवढ्या बाया होत्या की आई ओरडत होती, "खाली येईल गं स्लॅब!" काकी कठड्याला टेकून, टेकडीकडं तोंड करून. सगळ्यांना कळलं होतं. पाखऱ्याची बारी आली. "राजुरीकर... गाडामालक... संपतराव धोंडिबा हांडे! बैल पाखऱ्याऽऽ!" मग भिर्र, मग झाली, मग सेकंदांचा आकडा, आणि असा गलका की भोंगा फाटला. बाया नाचल्या. काकीनं हात वर केला, गप्प राहा म्हणून. गोरखभाऊ दम घेत होता.

"मंडळी, या ठिकाणी विशेष आभार..."

काकीनं कठडा धरला.

"...विशेष आभार, पाण्याचा टँकर दिल्याबद्दल..."

बाकीचं मी ऐकलं, पण ते लिहून काय करू? टँकरवाल्याचं नाव झालं, बर्फवाल्याचं झालं, पुढचा गाडा जुंपला.

संध्याकाळी नाना गुलालात न्हाऊन आले. "राह्यलं वैनी. लई गर्दी व्हती. पुढल्या साली नक्की."

पुढल्या सालीही गर्दी होती. त्याच्या पुढल्या सालीही. मी एकदा काकीला विचारलं, परत दारात का नाही बसलीस? ती म्हणाली, "यात्रा आली की त्यो हालगी ऐकून खूर आपटतोय. त्याचं नाव तर पुकारत्यात ना. त्याला कशापायी अडवू?"

दोन हजार पाच साली पाखऱ्या गेला. म्हातारा होऊन, गोठ्यात, काकीच्या मांडीवर मान ठेवून. आमच्या भागात नावाजलेल्या बैलाचा दहावा माणसासारखा करतात. तसा केला. वाडीच्या फाट्यापासून फ्लेक्स. मधे पाखऱ्या, भोवती गॉगल घातलेली पन्नास माणसं, सगळी शोकाकुल, सगळी हसणारी. खाली घोडीचंसुद्धा नाव. प्रवचनाला बुवा आले: "बैऽऽल म्हणजे काय माऊली? बैल म्हणजे कष्टऽऽ! आणि कष्ट म्हणजे कोण माऊली?" मला वाटलं आता सांगतील कोण. ते म्हणाले, "कष्ट म्हणजे संपतराव!"

पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. पाखऱ्याची काही इच्छा राहिली नव्हती. राहिली होती ती जिवंत माणसाची, आणि जिवंतांसाठी कुणी कावळ्याची वाट बघत बसत नाही.

नानांच्या मनात मात्र काहीतरी टोचत असावं. किंवा आईनं त्यांना एकदा विहिरीवर चार शब्द सुनावले होते, ते टोचले असतील. त्यांनी वाडीच्या वेशीत पाखऱ्याचा पुतळा बसवला आणि उद्घाटन यात्रेच्या आदल्या दिवशी ठेवलं. घाटात नाही, वेशीत. म्हणजे बायांना येता येणार. ते स्वतः काकीच्या दाराशी आले. "वैनी, ह्या टायमाला फुडं बसा. सायबांच्या हातनं सत्कार हाय. गोरखभाऊच माईकवर हाय. समद्यांसमोर नाव घेतो तुमचं."

काकीनं ट्रंकेतलं जांभळं लुगडं काढलं. आईकडून केस विंचरून घेतले. पहिल्या रांगेत बसली, हात मांडीवर, जसं फोटोवाल्याकडं बसतात.

आमदारसाहेब आले. साहेबांचं भाषण काढणं सगळ्यात सोपं, कारण ते प्रत्येक गावात एकच असतं: "माझ्या तमाम बंधूंनोऽऽ... आणि भगिनींनो." पण त्या दिवशी ते एक वेगळं वाक्य बोलले. "बैल घाटात पळतो, पण त्याला पळवणारा हात घरात असतो. तो हात बाईचा असतो. त्या माऊलीला मंचावर बोलवा." टाळ्या झाल्या. मी खरंच सांगते, माझ्या अंगावर काटा आला.

मंचावर ताट तयार होतं. त्यात साडी, नारळ, खण, हिरव्या बांगड्या, हळदीकुंकवाचा करंडा. ताट लावणाऱ्यांनी बाईचा सत्कार एवढंच ऐकलं होतं आणि बाईचं ताट लावतात तसं लावलं होतं. गोरखभाऊनं माईक उचलला. तेवढ्यात यात्रा कमिटीचा म्हातारा सोमाजी नानांच्या कानाशी लागला. पहिल्या रांगेत ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं लागला, कारण त्याला स्वतःला कमी ऐकू येतं. "आरं, बोडक्या कपाळाची बाई ती. शुभ काम हाय. कुकू कसं लावणार? वटी कशी भरणार?"

नानांनी ताटाकडं पाहिलं. मग काकीकडं. ताटातला करंडा बाजूला काढून ठेवायला किती वेळ लागला असता? पण ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही. नानांनी गोरखभाऊच्या हातावर हात ठेवून काहीतरी सांगितलं.

काकी अर्धी उठली होती.

"आपल्या पाखऱ्याला पोटच्या लेकरासारखं वाढवणाऱ्या... माऊली... सौभाग्यवती... प्रयागबाई संपतराव हांडेऽऽ!"

काकी तशीच अर्धवट उभी राहिली. मग तिनं पदर सावरला, लुगड्याची चुणी नीट केली, जणू त्यासाठीच उठली होती, आणि खाली बसली. मागच्या बाया टाळ्या वाजवत होत्या. निम्म्यांना माहीत होतं. तरी वाजवत होत्या. हात थांबवणंही एक धाडसच असतं.

प्रयागकाकूंना लोकांनी धरून मंचावर नेलं. त्या बाईला बैलाची इतकी भीती की गोठ्यावरून जाताना ती परड्याचा वळसा घ्यायची. साहेबांच्या बरोबरच्या एका बाईंनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली. कॅमेरावाला म्हणाला, "ताई, हसा!" आणि ती हसली. ते पुढं आठवडाभर केबलवर दाखवत होते.

संध्याकाळी प्रयागकाकू साडीचं पुडकं घेऊन काकीच्या खोलीत आली. मी तिथंच होते, काकीच्या पायाला तेल चोळत. प्रयागकाकू रडत होती.

"जाऊबाई, म्या न्हाई म्हणत व्हते. ह्यांनी डोळं वटारलं. घ्या ही. तुमची हाय."

"कुकू लावलं ना तुला?"

"व्हय."

"नाव पुकारलं?"

"...व्हय."

"मंग तुझीच हाय ती. नेस." काकी शांतपणे म्हणाली. "आन उद्यापासनं गोठा बी तुझा."

प्रयागकाकूला वाटलं रागानं बोलली, उतरेल राग. दुसऱ्या दिवशी यात्रा. काकी गोठ्यात गेली नाही. पाखऱ्याच्याच रक्ताचा चित्र्या नावाचा खोंड दावणीला होता. त्यालाही तिनंच ओढ्याच्या वाळूत पळवलेलं, आता चाळिशीच्या गुडघ्यांनी. नाना आले. आधी हाका, मग शिव्या, मग "वैनी, लोकं वाट बघत्यात." काकी खोलीच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"प्रयागबाईला न्या. तिनं वाढावलाय. समद्या गावानं ऐकलंय."

त्यांनी चित्र्याला नेला. घोडीवर हिरवं फडकं बांधलं. नवीन कापड, दुकानातून आणलेलं. दुपारी आम्ही स्लॅबवर होतो. काकी आली नाही. भोंगा म्हणाला, "चित्र्याऽऽ!" मग भिर्र झालंच नाही. चाबकाचे आवाज भोंग्यातूनसुद्धा आले. गोरखभाऊ म्हणाला, "मारू नका राव, मारू नका, जनावर हाय!" मी खाली धावत गेले. काकी खोलीत बसली होती. दोन्ही हात कानांवर, आणि दाबलेल्या हातांतून तिला सगळं ऐकू येत होतं. ते मला तिच्या तोंडावरून कळलं.

चित्र्या त्याच महिन्यात विकला. तेवढं एक काकीनं स्वतःला माफ केलेलं नाही. नानांनी नाही विकला, मी विकला, असं ती म्हणते. नानांचं मात्र काही अडलं नाही. वेशीतल्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर त्यांचं नाव आहे. शाळेतल्या बाई सहल काढतात तेव्हा पोरांना पुतळ्याजवळ उभं करून तेच वाचून दाखवतात.

काकी आता वारूळवाडीला टोमॅटो तोडायला जाते. सकाळी फाट्यावर पिकअप येते, बाया चढतात. मागच्या आठवड्यात मी शाळेच्या एसटीची वाट बघत होते, ती पिकअपची. हातांना टोमॅटोच्या पाल्याचा काळपट हिरवा रंग, जात नाही तो. मी विचारलं, "काकी, या वयात कशाला जातेस गं एवढं लांब?"

"नाव पुकारत्यात तिथं," ती म्हणाली.

"कोण?"

"मुकादम. सांजच्याला हजेरी घेतो. सबंद नाव. लंकाबाई गेणभाऊ हांडे. मी म्हणते, हाय."

"कसं पुकारतो?"

तिनं जरा विचार केला. मग मुकादमाची नक्कल करायला गेली, मान खाली, घाईघाईत, क्रेट मोजावेत तसं सपाट: "लंकाबाईगेणभाऊहांडे." जमली नाही. सुरुवात मुकादमाची झाली आणि आडनावापर्यंत तिचाच आवाज आला.

"त्याला पाखऱ्या म्हाईत हाय का?" मी विचारलं.

"त्यो बिहारकडला हाय. त्याला काय म्हाईत? नुसतं नाव म्हाईत हाय." पिकअप आली. तिनं डबा बगलेत मारला. "लई दिवस म्या कामावर जीव टाकला, वाटलं नाव मागनं येतंय. आता नाव हाय, आन कामाचं काय वाटत न्हाई."

मागच्या बाईनं हात दिला आणि ती वर चढली.